दोनशे चौदा नंबरचे दोघे

१ फेब्रुवारी १९८७, रविवार. कर्जत
क्लासचा चौथा रविवार. हजेरीपुस्तक मशीनवर न्यायचंय म्हणून कारखान्याने टाइम ऑफिसातून मलाच धाडलं. पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा पाटी-पेन्सिल. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, देवळासारख्या. आत नुसता गारठा. देव नाही.
क्लासच्या बाईंनी आज माहितीचे प्रकार शिकवले. पूर्णांक, अपूर्णांक, अक्षर, खरं-खोटं एवढं मशीनला उपजत येतं. बाकी आपण घडवायचं. "वापरण्याआधी वरती जाहीर करा, मग ते ऐकतं." मी 'कामगार' असा प्रकार केला. नंबर, नाव, खातं, वर्ग. वर्ग तीन: कायम, बदली, रोजंदार. बाई छान म्हणाल्या. उगाच फुशारलो.

५ फेब्रु., गुरुवार
नावं चढवली. बॉयलरवरच्या २१४ला अडलो. तिथे बाळू आणि नामा, सख्खे भाऊ, नोकरी एक. पावसाळाभर बाळू बॉयलरवर, नामा भाताला. दिवाळी झाली की नामा बॉयलरवर, बाळू वालाला. बापाने ती धग बारा महिने सोसली, चाळिशीत खोकून गेला. म्हणून पोरांनी वाटून घेतली. जुन्या साहेबांचा तोंडी होकार होता. बारा वर्षं मी एकाच ओळीत दोन्ही नावं लिहितोय.
माझ्या प्रकारात नावाला जागा एकच. पहिलं बाळूचं, तेच घातलं. पाच वाजले होते. नंतर बघू.

९ फेब्रु., सोमवार
गेटवर मशीनची यादी लागली. वॉचमनने नामाला अडवलं. मी पोचलो तेव्हा डबा हातात धरून उभा.
"तात्या, यादीत बाळ्या हाय. बाळ्या तर वालात हाय. मंग मी कोन वो?"
लोक हसले. तोही हसला. मला शिसारी आली. स्वतःचीच. यादी माझी, हे त्याला सांगितलं नाही.

१० फेब्रु., मंगळवार
नव्या साहेबांकडे गेलो. "मशीनने ज्याला घेतलं तो ठेवा. बारा महिने येऊ दे. एका नोकरीत दोघं? धर्मशाळा आहे का?" बोलताना चष्मा पुसत होते. वर पाहिलंसुद्धा नाही.
मशीनने नाही, मी घेतलं. एवढं वाक्य. ते न सांगताच बाहेर आलो. माझ्यासारख्या माणसावर दोघा भावांनी बारा वर्षं भरवसा ठेवला.
घरी दिवा लावला, मन लागेना. ही म्हणाली, "देवाला काय सांगताय? चूक साहेबाला सांगा."

१२ फेब्रु., गुरुवार
साहेबांचा हुकूम कळल्यावर बाळू घरी आला, वालाच्या शेंगा घेऊन. शेंगांकडे बघवेना.
"तात्या, माजं काडा, नाम्याचं घाला. त्याची पोरं बारकी हायत."
"अरे, काल नामा उलटं सांगून गेला. बाळ्याचं ऱ्हाऊ द्या म्हणाला."
"त्याला काय कळतंय! बारा महिनं आगीम्होरं..." बापाचं दोघांनीही पाहिलंय.
मग मीच सांगितलं, चूक माझी. बाळू म्हणाला, "आसंल. शेंगा शिजवा, कवळ्या हायत." शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१५ फेब्रु., रविवार
बाईंना विचारलं, एका नंबरला दोन नावं चालतील? "प्रकार तुमचा, तुम्ही ठरवा. मशीनचं काय जातंय!"
म्हणजे अडवणारं मशीन नव्हतंच. या तीन वर्गांचं मला कौतुक वाटलं होतं. आता वाचवत नाहीत.
चौथा वर्ग केला: जोडी. नावाला दोन जागा. आणि 'हंगाम' हा नवा प्रकार, त्यात पावसाळी, हिवाळी. वरती जाहीर केलं. पहिल्या फटक्यात चाललं.

१६ फेब्रु., सोमवार
२१४. जोडी. हंगाम हिवाळी, हजर नामा. छापून साहेबांपुढे ठेवलं. चूक माझी होती तेही बोललो. उशिरा का होईना.
"हे जोडी काय? काढा. संध्याकाळच्या आत नवी यादी गेटवर."
काढायला मिनिट लागतं. दुपारभर पडद्यासमोर बसून होतो. नामस्मरण केलं, तेही अर्धवट.
पाच वाजले. काढलं नाही. आहे तशीच यादी गेटवर डकवून आलो. अनवाणीच गेलो होतो, परत येऊन कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या चपला घातल्या.
उद्या सकाळी सातला नामा येईल. साहेब आठला.