कच्च्या टाक्यांची सीडी

चि. जावईबापू यांस,

तुम्हां तिघांना भरभरून आशीर्वाद. आमच्या तब्येती ठणठणीत आहेत. जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरू द्यावा. घरात सध्या माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलतंय. (का ते पुढे येईल, धीर धरा.) नातीचा खोकला गेला का? तिला औषध देताना आधी तुम्ही तोंड वाकडं करता, मग ती करते. हे बंद करा.

तर मागच्या खेपेला तुम्ही आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून गेलात आणि "बाबा, आता व्हायरसची काळजी सोडा," म्हणालात, ते शब्दशः खरं ठरलं. व्हायरस सोडाच, मलाच आत शिरता येईना. सीडीवर गाणी उतरवायचा, म्हणजे सीडी भाजायचा बर्नर मी आणला, स्वतः स्क्रू पिळून बसवला (एक स्क्रू उरला, तो बटणांच्या डब्यात जपून ठेवलाय), पण लिनक्स त्याला ओळखच देईना. फोनवर तुम्ही सांगितलंत की हा बर्नर एका प्रकारचा आहे, पण यंत्राला तो दुसऱ्या प्रकारचा आहे असं भासवायचं, म्हणजे ते त्याला कामाला लावतं. हे मला लगेच पटलं. जावयाला मुलगा मानायचं, तसंच हे. (आम्ही मानतोच.) मग ती लांबलचक ओळ टाईप केली, तर उत्तर आलं की तुम्हाला परवानगी नाही. माझं घर, माझी खुर्ची, माझं यंत्र, आणि परवानगी नाही! नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून हीदेखील तेच म्हणत होती, पण तिथे विषय साखरेच्या डब्याचा होता. शेवटी तुमच्या सांगण्यावरून मी 'रूट' झालो. रूट म्हणजे ज्याला कुणी नाही म्हणत नाही असा माणूस. असा अनुभव मला लग्नानंतर प्रथमच आला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमचं शिंप्याचं दुकान होतं तेव्हा कपडे मी बेतायचो आणि काजं-बटणं ही करायची. आणि काजं करताना गायची. गिऱ्हाईक आलं की गप्प. एवढ्या वर्षांत तिचं गाणं ऐकलं ते मी आणि शिलाई मशीनने. म्हणून तिच्या साठाव्या वाढदिवसासाठी मी कापडाच्या ढिगाऱ्यात माइक लपवून तिची गाणी चोरून टिपली आणि नातेवाइकांना त्यांच्या सीड्या पाठवायचं ठरवलं. पहिली सीडी मध्येच फुकट गेली, कारण ती भाजली जात असताना मी त्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होतो. (डाव जिंकत आलो होतो.) त्यावर तुम्ही युक्ती दिलीत की ओळीत 'डमी' हा शब्द घाला. यंत्र सगळं साग्रसंगीत करतं, फक्त आतला लेसर पेटवत नाही. म्हणजे नुसती तालीम. अहो, मी शिंपी! कच्चे टाके घालून ट्रायल घेतल्याशिवाय मी कधी कुणाला कोट घातलेला नाही. मला तुमचा केवढा अभिमान वाटला! तुम्ही पुढे म्हणत होतात, "तालीम नीट झाली की मग..." इतक्यात हिने रिसीव्हर हिसकावला आणि नातीच्या खोकल्यावर घसरली. तालीम नीट झाली की मग झालंच, अशी मी समजूत करून घेतली.

तालीम काय सुरेख व्हायची! एकही चूक नाही. प्रत्येक सीडीला मी कोटाच्या अस्तराचं पाकीट शिवलं, वर बटण लावलं आणि रवाना केली. लावून पाहिली का, असं विचाराल. गिऱ्हाइकाचा कोट शिंप्याने अंगात घालून बघायचा नसतो, हा आमच्या धंद्याचा नियम. तो मी आजवर मोडलेला नाही. हिने ऐकायचा प्रश्नच नव्हता, स्वतःचा आवाज ऐकायचा म्हटलं की ती पदरात तोंड लपवते.

आणि मग कौतुकाचा पाऊस! माझा धाकटा भाऊ म्हणाला, वहिनींचा गळा म्हणजे मध. तुमचे वडील, आमचे व्याहीबुवा, यांनी तर डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. फक्त अक्कांचा (हिची थोरली बहीण, तुमच्या मावससासूबाई) फोन आला, "अगं, ही सीडी कोरी आहे. चिमणीचासुद्धा आवाज नाही." झालं! एवढ्या सगळ्यांना ऐकू येतं आणि अक्कालाच कसं येत नाही? लहानपणी शाळेच्या गाण्यात मला घेतलं होतं नि अक्काला नाही, तेव्हापासूनचं हे जळणं आहे, असं म्हणून हिने फोन आपटला. रोज जेवणानंतर तासभर बोलणाऱ्या बहिणी, आता अबोला. त्या तासाचं सगळं बोलणं सुरुवातीला माझ्यावर आलं. मी पेंगलो. आता माझ्याशीही अबोला.

अक्कांना खोटं पाडावं म्हणून उरलेली एक सीडी मी काल सीडीही वाजवणाऱ्या आमच्या टेपमध्ये लावली. कान लावून बसलो. शांतता. आवाज वाढवला. मोठी शांतता. मग ती ओळ पुन्हा वाचली, त्यात 'डमी' तसाच बसला होता, आणि माझी ट्यूब पेटली. सगळ्यांना मी कच्चे टाकेच पाठवले होते!

आता हे हिला सांगू कसं? अक्का खऱ्या म्हटलं, तर बाकी सगळे लबाड ठरतात. आणि जावईबापू, त्या कौतुकानंतर ही खिडकी उघडी ठेवून गाते हो! समोरचे दातांचे डॉक्टर पेशंटला आ करायला लावून ऐकत उभे राहतात. साठाव्या वर्षी तिच्या गळ्याचं बटण सुटलंय, ते माझ्या हाताने परत लावायचं माझ्या जिवावर येतं. पण बहिणीशी न बोलता ती नीट जेवत नाही, तेही मला बघवत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, रूट.

लेकीला आणि नातीला आशीर्वाद.

तुमचा,
सासरा

ता.क. तुम्हाला गेलेली सीडीही त्याच लॉटमधली. तुम्ही फोनवर सासूबाईंना म्हणालात की तिसरं गाणं ऐकताना अंगावर काटा आला. मी कुणाला सांगणार नाही.

ता.क. त्या बदल्यात एवढंच करा. रविवारी येऊन खऱ्या सीड्या भाजून द्या, आणि दोष सगळा तुमच्या लिनक्सचा होता, काही दिवसांनी त्यातली गाणी आपोआप उडतात, असं हिला सांगा. त्याने अक्काही खऱ्या, बाकीचेही खरे. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर तिचा विश्वास बसेल.

ता.क. (हे माझ्या हातचं, तुमच्या सासूबाईंचं.) पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, हुशारी बघा. अक्काला लगेच फोन केला. दोघी रडलो. मग तिने मला फोनवर सगळी गाणी म्हणायला लावली आणि दुसऱ्या गाण्यात माझा वरचा सूर लागत नाही असं तोंडावर सांगितलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! सीडीचं आता राहू द्या, पण रविवारी जरूर या. व्याहीबुवांनाही आणा. खिडकी उघडी ठेवते. तिसरं गाणं तुम्ही म्हणून दाखवायचं आहे.