खोडलेल्या शब्दांखालची टिंबं

१८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. तुझी सायकल वरच्या मजल्यावरच्या मुलीला चालवायला दिली, रागावू नकोस. पत्राला कारण आहे, पण ते लिहायला हात धजत नाहीये.

मागच्या महिन्यात तुला बाबांचं पत्र आलं. त्यांनी सांगितलं आणि मी उतरवलं, असं मी वर लिहिलं होतं. तसं नव्हतं. तू उलट कळवलंस, 'बाबांची भाषा अजून तशीच झोकदार! मग घाई नाही, पुढच्या वर्षी रजा काढतो.'

मी तुला कळवलेली त्यांची 'थोडी चक्कर' म्हणजे मेंदूचा झटका होता. उजवा हात गेला आणि शब्द गेले. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासणारा आपला बाप, त्याच्यापाशी आता जेमतेम चाळीस शब्द उरलेत.

ते पत्र त्यांनी डाव्या हाताने, चार दिवस खपून लिहिलं होतं. एका पानात 'तू दिसत नाहीस' सहा वेळा! मला लाज वाटली, खरं सांगते. आपल्या निबंधात एक शब्द दोनदा आला की ते लाल पेन्सिल उचलायचे, आठवतं? "दुसरा 'सुंदर' पहिल्याला खातो गं," म्हणायचे. म्हणून मी पहिलं ठेवलं, बाकीची पाच खोडली आणि वर लिहिलं, तुझी उणीव भासते, भेटीची ओढ लागली आहे, असलं काय काय. त्याची नक्कल तुला पाठवली आणि त्यांचं पान खणात टाकलं.

काल दुपारी कामावरून आले तर ते पान त्यांच्यापुढे, हातात लाल पेन्सिल. म्हटलं, आता आपली काही खैर नाही. पण मी खोडलेल्या प्रत्येक 'तू दिसत नाहीस'खाली ते टिंबं देत होते. छापखान्यात त्याचा अर्थ, हे खोडू नका, आहे तसं ठेवा. चमचा धड धरता येत नाही, पण टिंबं अगदी एका ओळीत!

"राहू दे," ते म्हणाले. हे शब्द झटक्यानंतर मी पहिल्यांदाच ऐकले.

मग मी पान पुन्हा वाचलं. 'खिडकी उघडी. तू दिसत नाहीस. चार पावलं चाललो. तू दिसत नाहीस.' धाकट्या, त्यांना 'बरा आहे' म्हणता येतं. डॉक्टरांना रोज म्हणतात. तुला त्यांनी ते एकदाही लिहिलं नाही. उरलेल्या चाळिसांतूनही त्यांनी निवड केली होती, आणि मला वाटलं, बिचाऱ्यांना सुचत नाही!

पान सोबत पाठवतेय. घाई आहे. खुर्ची खिडकीशीच असते.

त्यांचं सहा वेळा लिहून झालंय. सातव्यांदा मी लिहिते, आणि दुसरे शब्द शोधत नाही.

तू दिसत नाहीस.

ताई