तुमच्या बहिणीच्या रक्ताला मी चालत नाही

वाशी, ता. ६ जुलै १९९६

श्री. हौसेराव पाहुणे यांस वाशीहून जोतीरामचा रामराम. (घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, तिकीट मी लावलंय.) तुमची कंबर कशी आहे? इकडे कांदा-बटाटा मार्केटात माझी पाठ अजून पोती उचलते, एवढीच खुशाली.

दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीच्या जन्मावेळी तुमच्या बहिणीला, आमच्या राजेश्वरीला, रक्त लागलं, तेव्हा तुम्ही साताऱ्याहून एसटीने बाही दुमडूनच आला होतात. आणि मी दवाखान्याच्या जिन्यातच अडवून म्हणालो, "लेक दिली न्हवं? आता ती आमच्या कुळाची. रक्तबी आमचंच जाईल." रक्तपेढीची पिशवी तयार होती. नवऱ्याचं रक्त बायकोला देऊ नये, पुढच्या बाळंतपणात नडतं, असं तिथल्या बाईंनी दोनदा सांगितलं. मी आरडाओरडा करून माझंच द्यायला लावलं. (गट एकच ना, मग झालं! वर महिनाभर मार्केटात हातावरची चिकटपट्टी दाखवत हिंडलो. दर दोन दिवसांनी नवी मीच लावायचो.)

आता राजेश्वरीला सातवा महिना आहे. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं, की गट एक असला तरी रक्तावर आणखी बऱ्याच बारीक खुणा असतात. माझ्या खुणा तिच्या शरीराने परक्या धरल्या आणि त्यांच्याविरुद्ध फौज उभी केली. (लग्नाला नऊ वर्षं झाली, तोंडाने कधी उलटून बोलली नाही, रक्ताने बोलली.) पोटातल्या बाळात माझ्याच खुणा उतरल्या असतील, तर ती फौज बाळाचंही रक्त नासवते. शिवाय बाळंतपणात हिला रक्त लागलं तर आणायचं कुठून? रक्तपेढीत अकरा पिशव्या तिच्या रक्ताशी ताडून बघितल्या, एकही जुळली नाही. माझं तर बाई तपासायलाही घेत नाहीत. इतका अपमान तुमच्या वडिलांनीसुद्धा कधी केला नव्हता. मला भीती वाटते, पाहुणे. रोज वाटते.

आपला,
जोतीराम

ता. क. सख्ख्या भावाच्या रक्तात त्या खुणा नसण्याचा संभव जास्त, असं बाई म्हणतात. तपासायला या.

ता. क. दुसरा. तुम्ही तेव्हा आला होतात हे राजेश्वरीला ठाऊकच नाही. निरोप धाडला, पण भाऊ आला नाही, असं मी तिला सांगितलं. दोन वर्षं तुम्हाला राखी आली नाही ती त्यामुळे. खरं काय ते सांगायला माझी जीभ अजून उचलली नाही. तुम्हाला बघून ती तोंड फिरवेल. तरी या.