पक्ष कोणी विचारला?

कोडियाक, अलास्का

प्रिय आई,

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. इथे धुकं असं उतरतं, की होड्या हवेत तरंगतायत असं वाटतं.

काल निवडणुकीची पहिली फेरी होती, उमेदवार ठरवायची. मतदान केंद्रात टेबलामागे यादी घेऊन म्हातारा आर्नी बसला होता. त्याने काही विचारायच्या आधीच मी तुझ्यासारखी मान खाली घालून म्हटलं, "मी कुठल्याच पक्षाची नाही."

तो खेकसला, "पक्ष कोणी विचारला, बाई? नाव सांगा, नाव!"

आणि सगळ्यांना देतात तोच कागद त्याने मला दिला. सगळ्या पक्षांचे उमेदवार त्या एकाच कागदावर!

मला पेनसिल्व्हेनियातली आपली गाडी दिसली. तिथे या फेरीत पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं; म्हणून बाबा आत जायचे, आणि तुझं नाव कुठल्याच पक्षात नाही म्हणून तू बाहेर गाडीत विणत बसायचीस. तीस वर्षं! केवढे स्वेटर झाले गं त्यात?

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

मी एकेक नाव सावकाश वाचत राहिले. मागची बाई म्हणाली, "अगं, उभ्या उभ्या झोपलीस की काय?"

झोपले नव्हते. तुझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं.

तुझ्या निळ्या स्वेटरातली,
विल्मा