आईच्या नावावरचं घर

आई, तू गेल्यावर तुझं हे घर विकायचं मी दोनदा ठरवलं होतं, हे आधी सांगून टाकते. मी नर्स आहे त्या हॉस्पिटलपासून फार लांब, उमरेड रोडच्या या टोकाला ऑटोवालेही कुरकुरत यायचे. मी हॉस्पिटलजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत सुखात होते. इथल्या मागच्या खोलीत भाजी विकणारी एक बाई भाड्यानं राहायची, तेवढाच माझा या घराशी संबंध.

प्लॉट दाखवायला आणलंस तो दिवस आठवतो. मी नववीत आहे. बसमधून उतरून आपण भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून चालतोय. चुन्यानं आखलेल्या चौकोनात तू जाऊन उभी राहतेस. शाळेच्या वसतिगृहात पोळ्या लाटून तुझी मनगटं सुजलेली आहेत. मी म्हणते, "इथं कोण राहीन वं? कुत्रंही दिसत नाही." तू एकदम भडकतेस. "तुह्या बापाले टीबी झाला तवा घरमालकानं सामान रस्त्यावर काढलं. तू लहान होती. गल्लीत बाजेवर पडला होता तो, साऱ्यांसमोर. आता मले कोणी 'ऊठ' म्हणणार नाही." हे तू त्याआधी कधी सांगितलं नव्हतंस, पुन्हाही सांगितलं नाहीस.

त्या चौकोनावर तू घर बांधलंस, त्यात राहिलीस, गेलीस. मग कोरोना आला. माझी ड्युटी कोविड वॉर्डात लागली आणि चौथ्याच दिवशी घरमालकीण जिन्यात उभी. तोंडावर पदर धरून म्हणाली, "सिस्टर, तुमचं काम मोठंच आहे, पण आमच्याकडे सासरे आहेत. काही दिवस दुसरीकडे पाहा ना." वाईट नव्हती गं ती. आपल्या घरचा चिवडा न चुकता आणून द्यायची. मी दोन बॅगा स्कूटीवर टाकल्या आणि इथं आले. कुलूप उघडलं, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, अंगणात वाळत घातले आणि भरदुपारी तुझ्या पलंगावर आडवी झाले. कुणाला काही विचारावं लागलं नाही. वॉर्डात लागल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या खोलीतली भाजीवाली तापानं फणफणली. कळमन्याच्या भाजीबाजारातून माल आणून ती हातगाडीवर विकायची. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ऑक्सिजन बरा होता, म्हणून घरीच राहायला सांगितलं. तसंही वॉर्डात खाट शिल्लक नव्हती. संध्याकाळी गल्लीतले तिघं फाटकाशी आले. "सिस्टर, तिले गावी पाठवा. आमची लेकरं आहेत इथं." मी मागे गेले. दार उघडंच होतं. ती गाठोडं बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "जाऊन राहिली मी, ताई. तुम्ही नका बोलू. तुमच्या तोंडून नको."

"सोड ते गाठोडं," मी म्हटलं. "घर माझ्या आईचं आहे. इथून कोणी जाणार नाही."

फाटकाशी येऊन तेच सांगितलं. ते चिडले, काही दिवस बोलले नाहीत. मी दोन आठवडे तिच्या उंबऱ्यावर ताट ठेवत राहिले, खिडकीबाहेरून बोटाला लावायच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा विचारत राहिले. ती बरी झाली. अजून मागेच राहते. घर मी विकलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, कपाटात ठेवीन. एकच राहिलं. मी सगळ्यांना सांगते की त्या संध्याकाळी मी तिला गोळ्या द्यायला गेले होते. हातात गोळ्या नव्हत्या, आई. मी तिला जा म्हणायलाच गेले होते.