हरलेल्याचं नाव आधी

आबा,

आज तुमची नुसती आठवण येत नाही, तुम्ही हवे आहात. आत्ता, या सांगलीच्या घरात, माझ्याशेजारी. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात रांगत होती. आता ती कॉलेजला आहे, म्हणजे होती. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असते आणि मी तिच्या दारासमोर पाट टाकून भाजी निवडत बसते. दाराची आतली कडी मी स्क्रू फिरवून काढून टाकली. हे हळदीच्या पेठेतून दुपारी जेवायला आले की दारासमोर ते बसतात, मग मी अंघोळ उरकते. असं चाललंय आमचं.

तुमची नात खो-खो खेळते. तुम्हाला फार आवडलं असतं तिचं पळणं. वर्षाच्या सुरुवातीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी, मुलांनी दोन्ही जिंकले, तेव्हा या पोरीनं घर डोक्यावर घेतलं होतं. माझ्या ओढणीचा झेंडा करून गच्चीवर पळत होती. "आई, लोक विचारायचे ना, खो-खो खेळून काय होणार? आता विचारा म्हणावं!" मग पावसाळा सरता सरता तिचा स्वतःचा अंतिम सामना झाला. शेवटची पळणारी हीच उरली होती. थोडा वेळ टिकली असती तर जिंकल्या असत्या. खांबाला वळताना गुडघा फिरला, पडली, बाद झाली. एका गुणानं गेला सामना. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो भरून येईल म्हणतात. पण संघातल्या कुणीतरी मोबाइलवर लिहिलं, हिनं घालवलं. ते काही भरून येईना.

एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. आरशात न बघता ती म्हणाली, "आई, मला उठायलाच नको वाटतंय गं. झोपेतच संपलं तर किती बरं." माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. मनाच्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या चालू आहेत. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हिला एकटं सोडू नका. तेव्हापासून मी शाळेत रजा टाकलीय. दुसऱ्यांच्या लेकरांना पाढे शिकवणारी बाई मी, माझ्याच लेकराशी काय बोलावं ते मला कळत नाही. गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, तिच्या पायाशी बसून रडूनसुद्धा बघितलं. ती छताकडं बघते. आबा, मी हात टेकलेत.

आणि वर्ष कसलं निघालं बघा! तुम्ही असता तर तुमचा फळा पुरला नसता. आपल्या भालेवाल्यानं नव्वद मीटर ओलांडले, आणि तरी त्या दिवशी दुसरा आला. कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या कपाळावरचा इतक्या वर्षांचा, ऐनवेळी कच खाण्याचा शिक्का एकदाचा पुसला गेला. बांबूच्या उडीत एकजण स्वतःचाच विक्रम परत परत मोडतोय. दिवाळी झाली आणि आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक आणला. सगळ्या सांगलीत फटाके वाजत होते, शेजारच्या काकू बर्फी घेऊन आल्या. हिनं उशी कानावर दाबून धरली. मी काकूंना दारातूनच वाटी परत केली, त्या अजून रुसल्यात.

तुमचा फळा. साताऱ्यात तालमीच्या भिंतीवरचा, काळा रंग उडालेला. पलटणीतून पेन्शनीवर आलात आणि कुणी न सांगता तो तुम्ही ताब्यात घेतला. सकाळी स्वयंपाकघरात आईच्या चुलीजवळ ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले तुम्ही मला दिसता. बातम्या संपल्या की उठायचं, खडूची डबी माझ्या हातात द्यायची आणि निघायचं. जगातले निकाल त्या भिंतीवर यायचे. टेनिस, मुष्टियुद्ध, कुठल्या कुठल्या देशांचा फुटबॉल. आणि तुम्ही हरलेल्याचं नाव आधी लिहायचात. वर, ठसठशीत. जिंकलेल्याचं खाली.

तो पेढ्यांचा दिवस आठवतो? कुठल्याशा अंतिम सामन्यात आपण हरलो होतो. तुमच्याबरोबरचे रिटायर सुभेदार घाईत आले, वरचं 'भारत' तेवढं वाचलं आणि तडक जाऊन कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. एसटी स्टँडपर्यंत पेढे वाटून झाल्यावर त्यांना कुणीतरी खालची ओळ दाखवली. मग काय, पारा चढला. "आवं, ही काय रीत झाली? समदं जग जिंकलेल्याचं नाव आदी ल्हितंय!" तुम्ही शांतपणे पेढा तोंडात टाकलात. "ल्हिऊ दे की जगाला. वाटलंसा न्हवं पेढं? आता हरल्याचं म्हून खावा." मी तिथंच खडूची डबी धरून उभी, पेढा चघळत. सगळे हसले, शेवटी सुभेदारसुद्धा.

आणि एकदाच तुम्ही मला रागावलात. तापानं फणफणला होतात म्हणून फळा लिहायला मला पाठवलंत. मी शहाणपणानं जिंकलेल्याचं नाव वर लिहून आले. कुणाकडून कळलं कोण जाणे, घोंगडी पांघरून तालमीपर्यंत आलात, बाहीनं सगळं पुसलंत. "तुला ल्ह्यायचं नसंल तर ऱ्हाऊ दे पोरी. पर उलटं ल्हिऊ नगंस." मी रस्ताभर रडत आले. पण का, हे तेव्हाही विचारलं नाही. तुम्ही पलटणीत धावायचात एवढं ठाऊक होतं. जिंकलात की हरलात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. या दिवशी तुम्ही सगळा फळा धुऊन सबंध वर्षाचे निकाल लिहायचात. सकाळी गवारी निवडायला घेतली आणि काय झालं कुणास ठाऊक, उठले, पर्समधला खडू काढला आणि तिच्या दारावरच लिहायला लागले. तुमच्या पद्धतीनं. खो-खोत नेपाळ वर, भारत खाली. कसोटीत ऑस्ट्रेलिया वर, दक्षिण आफ्रिका खाली. मग दक्षिण आफ्रिकेच्या मुली वर, आपल्या मुली खाली. बांबूच्या उडीशी अडले, हरलेला तोच आणि जिंकलेलाही तोच. त्याचं नाव दोनदा लिहिलं. सगळ्यात शेवटी हिचा सामना. हिच्या कॉलेजचं नाव वर, आणि त्याच्या आधी, अगदी पहिलं, हिचं.

खडूच्या आवाजानं असेल, दार उघडलं. भिंतीला धरून, एका पायावर ती उभी होती. उघड्या दाराकडं वळून तिनं वाचायला सुरुवात केली.  मला वाटलं आता पुसणार, नाहीतर किंचाळणार. तिनं सगळं वाचलं.

"हे असं उलटं का लिहिलंयस?"

"तुझे आजोबा असंच लिहायचे."

"का पण?"

आबा, कितीतरी दिवसांत तिनं मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "ते म्हणायचे, जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेऊन जातात. मैदानात मागं राहतो, त्याला कुणीतरी आधी हाक मारली पाहिजे."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आजोबा खरंच असं म्हणायचे? माझी शपथ?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "खरंच."

ती हळूहळू खाली बसली, माझ्या पाटाशेजारी, दुखरा पाय लांब करून.  ताटलीतली एक शेंग उचलली, मोडली नाही, नुसती हातात धरून बसली. आत्ता मी हे लिहितेय तेव्हाही इथंच बसलीय. उद्या काय, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते, आबा.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. पण माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. तुम्ही असं काहीच कधी म्हणाला नव्हता. खरं कारण दुसरंच काही असेल, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.