कोठाराची दुसरी किल्ली

मी, एर्मेलिंडा सार्मेन्तो, कै. तोमास यांची पत्नी, वय ७१, राहणार हातुमेरा, पूर्व तिमोर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. घरी लिहायला बसले की मुलगा आबिलियो "पाणी हवंय का, आई?" असे विचारत डोकावतो, म्हणून शाळेत येऊन बसले आहे.

१. घर व माग मुलगी लुर्देसला. मागाच्या काठ्या सात आहेत. सहाच भरल्या तर माझ्या जावेच्या घरी बघावे.

२. आठ वर्षांपूर्वी माझे कॉफीचे कोठार भर दुपारी जळाले. शेजारच्या सिप्रियानोशी माझे बांधावरून भांडण होते, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवले. पोलिसांत न जाता गावाने रीतीप्रमाणे तंटा मिटवायची चटई अंथरली. पंच दामियांव म्हणाले, "कबूल कर बाळा, इथल्या इथे मिटेल." मग आत शिरलास का, पोत्यांना काडी लावलीस का, असे ते विचारत गेले. सिप्रियानो म्हणाला, "हो, आत शिरून पोत्यांना काडी लावली." आम्ही एक विडा वाटून खाल्ला, चटई गुंडाळली गेली, आणि भरपाई म्हणून तो दर हंगामात माझी कॉफी वेचू लागला.

राखेत कोठाराचे कुलूप मला बंदच सापडले होते. ते मी कमरेला खोचले आणि गप्प बसले. किल्ल्या दोनच होत्या, एक माझी, एक आबिलियोची. कोठार लुर्देसला देणार, असे मी आगीच्या आदल्या रविवारी जेवताना बोलले होते.

गेल्या हंगामात सिप्रियानोला विचारले, "खरं सांग, आत शिरलास कसा?"

"पंच विचारत गेले, मी हो म्हणत गेलो, मावशी. पोलिसांनी नेलं असतं तर आईला कोण बघणार होतं? आणि तुम्हाला तरी कुठे खरं हवं होतं?"

३. वरच्या उतारावरची सगळी कॉफीची झाडे सिप्रियानोला. आबिलियो म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं होतं. फिरले नव्हते.

४. आबिलियोला ते कुलूप. तांदळाच्या डब्यात तळाशी आहे. माझ्या मृत्यूनंतर, दफनाआधी, तीच चटई अंथरावी, माझ्या जागी सिप्रियानोला बसवावे, समोर कुलूप ठेवावे. आबिलियोने आपली किल्ली आणावी. हरवली म्हणाला तर कधी, ते विचारावे. पंचांनी या वेळी उत्तर सुचवू नये. माझा वहीम खोटा ठरला तर आबिलियोची माफी मागते. खरा ठरला तरी सिप्रियानोची आठ वर्षे माझ्याही माथी आहेत.

तो बोलेपर्यंत चटई गुंडाळू नये. मलाही उचलू नये.

साक्षीदार: सेलेस्तिना आमराल, शिक्षिका, बेनव्हिंदो पिन्तो, सुतार. दोघांनी फक्त माझी सही पाहिली. मजकूर मी हाताने झाकला होता.

सही: एर्मेलिंडा सार्मेन्तो
हातुमेरा, १४ ऑक्टोबर २०१९